बाबांच्या पावसाच्या वह्या आणि बायस : प्रकल्प नोंदी

१० नोव्हेंबर २०२४, रविवार

भाऊबीज करून वाईहून येताना बाबांच्या पावसाच्या वह्या घेऊन आले. १९९४ ते २०२३, सलग ३० पावसाळे. अंगणात तुळशीपलीकडे नरसाळं लावलेला पर्जन्यमापक आहे, त्याची बाटली रोज सकाळी साडेआठला मोजपात्रात ओतायची आणि आकडा वहीत, असं चाललंय. मिमीच्या पुढे कधीकधी शेरा असतो, 'हळद लावली', 'कृष्णेला पाणी चढलं', 'रात्रभर लाइट नाही'.

काम असं आहे. बाबा लहानपणापासून सांगतात, वर लागला की दुसऱ्या दिवशी आपल्याकडे येतो. वर म्हणजे महाबळेश्वर. हे खरं आहे का आणि असेल तर किती, एवढंच मला आकड्यात बघायचंय. महाबळेश्वरला वर्षाला पाच हजार मिमीच्या वर पडतो आणि आम्ही सरळ रेषेत जेमतेम २४ किमीवर, पण पर्जन्यछायेत, त्यामुळे हजाराच्या आतच.

साधं कोरिलेशन नको, कारण पावसाचे आकडे फार तिरके असतात, वर एका दिवसात ३०० मिमी झाला की तो एकच दिवस सगळं गणित आपल्याकडे ओढून घेतो. त्यामुळे ट्रान्सफर एन्ट्रॉपी वापरणार, थॉमस श्रायबर यांनी २००० साली मांडलेली. साध्या भाषेत, वाईला काल किती पडला हे माहीत असताना वर काल किती पडला हेही कळलं तर आजच्या वाईबद्दलची अनिश्चितता अजून किती बिटांनी (बिट हे तिचं एकक) कमी होते. हेच उलट दिशेनेही काढायचं, आणि दोन्ही आकडे शेजारी ठेवायचे.

१६ नोव्हेंबर, शनिवार

आठवडाभर रात्री टायपिंग केलं, संपलं आज. काही तारखा कोऱ्या आहेत, आणि काही ठिकाणी एकाच तारखेसमोर दोन आकडे आहेत. कोरी तारीख म्हणजे कोरडा दिवस धरला, आणि दोन आकडे होते तिथे बेरीज केली. ही नोंद इथे ठेवतेय, नंतर विसरायला नको.

वरचे आकडे हवामान खात्याच्या महाबळेश्वर वेधशाळेचे. खात्याचा १९०१ पासूनचा पाव अंशाच्या चौकटींचा रोजचा पाऊसही आहे, तो जास्त सोयीचा होता, पण मुद्दाम घेतला नाही. त्या चौकटी आजूबाजूच्या केंद्रांचे आकडे अंतराप्रमाणे वजन देऊन भरलेल्या असतात, म्हणजे शेजारच्या दोन चौकटींत एकाच केंद्राचा पाऊस मिसळलेला असू शकतो, आणि मग त्या दोघींमध्ये जी माहिती सापडेल ती आपणच आत घातलेली असेल.

वर्ग ठरवले. महाबळेश्वरला खात्याचे वर्ग जसेच्या तसे: कोरडा, ०.१ ते २.४ मिमी, २.५ ते १५.५, १५.६ ते ६४.४, ६४.५ ते ११५.५, ११५.६ ते २०४.४, आणि त्याच्या वर. एकूण ७. वाईला एवढे मोठे पाऊस क्वचितच, म्हणून १५.६ च्या वरचं सगळं एकत्र करून ४ वर्ग. जून ते सप्टेंबर १२२ दिवस, म्हणजे 'काल-आज' अशा जोड्या १२१.

१७ नोव्हेंबर, रविवार

पहिला निकाल आला. दरवर्षीचा वेगळा आकडा काढला आणि ३० वर्षांची सरासरी घेतली.

उलटंच निघालं. वाईकडून महाबळेश्वरकडे जाणारी माहिती जास्त, महाबळेश्वरकडून वाईकडे कमी. आणि एखाद्या वर्षी नाही, ३० पैकी ३० वर्षी. सरासरीची एरर बार, म्हणजे आकडा किती डगमगतो ते दाखवणारी रेघ, इतकी बारीक की प्लॉटवर ठिपक्याखाली झाकून जाते. बाबांना लगेच फोन केला, म्हणलं बाबा तुमच्या अंगणातला पाऊस महाबळेश्वरच्या उद्याच्या पावसाची बातमी आधी देतो. ते थोडा वेळ गप्प राहिले आणि म्हणाले, "अगं पण पावसाळ्यात वारा तर पश्चिमेकडनं येतो ना."

बरोबर आहे त्यांचं. ढग समुद्रावरून येऊन आधी घाट चढतात, मग आमच्याकडे. माझ्याकडे ३० वर्षांचा एकमुखी निकाल आहे, आणि तो हवेच्या विरुद्ध आहे.

२३ नोव्हेंबर, शनिवार

निवडणुकीची मतमोजणी होती, घरात सगळे टीव्हीसमोर, मला निवांत दिवस मिळाला. जे पहिल्यांदाच करायला हवं होतं ते आज केलं, खोटा डेटा. कॉम्प्युटरला दोन फासे दिले, एक ७ बाजूंचा आणि एक ४ बाजूंचा, प्रत्येक बाजूचं वजन त्या त्या गावाच्या पावसाइतकं. दोघांचा एकमेकांशी काडीचा संबंध नाही, आणि कालच्या फाशाचा आजच्या फाशाशीही नाही. १२१ जोड्या, ३० 'वर्षं', तोच कोड.

खरं उत्तर दोन्ही दिशांना शून्य यायला हवं. आलं भलतंच. दोन्ही दिशांना भरपूर बिट, आणि ४ कडून ७ कडे जाणारे जास्त, ३० पैकी ३० वेळा. माझ्या खऱ्या आकड्याचा मोठा भाग या रिकाम्या फाशांनीच भरून काढला.

रात्री झोप लागली नाही नीट. हा कोडमधला बग नाहीये, तीनदा तपासला. सूत्रच तसं वागतंय.

२४ नोव्हेंबर, रविवार

हे हाताने करून बघायचं ठरवलं. भाची आलेली, नववीत आहे, तिला बसवलं समोर. एक पाच रुपयांचं नाणं, एक वही, जेवणाचं टेबल.

एन्ट्रॉपी म्हणजे अनिश्चिततेचं माप. एका नाण्याची खरी एन्ट्रॉपी १ बिट. नाणं चारदा उडवलं तर छापा-काट्याच्या १६ शक्यता होतात, त्या तिने सगळ्या लिहून काढल्या. चारही सारखे पडतात अशा २, तिथे मोजलेली एन्ट्रॉपी शून्य. तीन-एक अशा ८, तिथे ०.८१. दोन-दोन अशा ६, तिथे पूर्ण १. सगळ्यांची सरासरी ०.७८. ती म्हणाली, "मावशी पण एकदाही एकच्या वर गेलं नाही." हेच तर आहे सगळं! चूक दोन्ही बाजूंना झाली असती तर सरासरीत मिटून गेली असती, पण ती कायम एकाच बाजूला होते, यालाच बायस म्हणतात. एन्ट्रॉपीचा आलेख घुमटासारखा असतो, खरा मुद्दा घुमटाच्या टोकावर, आणि सॅम्पल डावीकडे सरको की उजवीकडे, उतरणार खालीच. टोकावर नसलं तरी वक्र वरून फुगलेला आहे म्हणून सरासरी खालीच राहते.

मग दोन रुपयांचं नाणं दुसरं घेतलं. दोन्ही फक्त दोनदा उडवायची. परत १६ शक्यता. त्यातल्या ४ मध्ये दोन्ही नाणी एकदा छापा एकदा काटा दाखवतात, आणि त्या चारही वेळी एका नाण्यावरून दुसरं तंतोतंत सांगता येतं, म्हणजे म्युच्युअल इन्फर्मेशन (एकावरून दुसऱ्याबद्दल किती कळतं) पूर्ण १ बिट. बाकीच्या १२ मध्ये शून्य. सरासरी पाव बिट. वेगवेगळ्या खिशातून निघालेल्या दोन नाण्यांमध्ये पाव बिट 'नातं'.

एन्ट्रॉपी कमी दिसते आणि नातं जास्त दिसतं, दोन्ही एकाच कारणाने. नातं म्हणजे दोन एन्ट्रॉपींची बेरीज वजा जोडीची एन्ट्रॉपी, आणि जोडीच्या तक्त्यात खाने जास्त म्हणून तिथे खड्डा सगळ्यात खोल. तो वजा होतो, की उरलेलं फुगतं.

३० नोव्हेंबर, शनिवार

आता कागदावर. जॉर्ज मिलर यांनी १९५५ मध्येच हे सुधारायचा हिशोब दिलाय, एन्ट्रॉपीची ही कल्पना मांडणारा शॅननचा मूळ लेख १९४८ चा, म्हणजे सात वर्षांच्या आत. वर्गांची संख्या वजा एक, भागिले सॅम्पलची, म्हणजे मोजलेल्या नोंदींच्या संख्येची, दुप्पट, एवढी एन्ट्रॉपी कमी दिसते. हे नॅटमध्ये, म्हणजे नैसर्गिक लॉगच्या एककात येतं, बिट हवे असतील तर ०.६९३ ने भागायचं. चार वेळा उडवलेल्या नाण्याला ही दुरुस्ती ०.१८ बिट देते, म्हणजे ०.७८ चं ०.९६ होतं. पूर्ण नाही पण बरंच.

हेच ट्रान्सफर एन्ट्रॉपीला लावलं की वर दिसणारा खोटा आकडा असा येतो: ज्याचं भविष्य बघतोय त्याचे कालचे वर्ग, गुणिले त्याचे आजचे वर्ग वजा एक, गुणिले दुसऱ्याचे वर्ग वजा एक, आणि सगळ्याला सॅम्पलच्या दुपटीने भाग.

महाबळेश्वरकडून वाईकडे: ४ × ३ × ६ = ७२. वाईकडून महाबळेश्वरकडे: ७ × ६ × ३ = १२६.

हे दोन आकडे कागदावर शेजारी लिहिले आणि बराच वेळ नुसती बघत बसले. १२१ च्या दुपटीने भागून बिटमध्ये केलं तर एकीकडे ०.४३ आणि दुसरीकडे ०.७५. पावसाचा एक थेंबही न बघता. माझी 'उलटी दिशा' आली ती मी महाबळेश्वरला ७ आणि वाईला ४ वर्ग दिले म्हणून. ज्या गावाला जास्त वर्ग, त्याच्याकडे माहिती वाहताना दिसणार, कायम.

(फाशांवर प्रत्यक्ष येणारा बायस या सूत्रापेक्षा कमी आहे, कारण ७ × ७ × ४ = १९६ खाने आणि १२१ जोड्या, बरेच खाने कधी भरतच नाहीत. सूत्र भरपूर सॅम्पल धरून काढलेलं आहे. दोन नाण्यांनाही ते ०.३६ सांगतं आणि खरं ०.२५. म्हणजे अशा ठिकाणी सूत्राने वजा केलं तर आपण जास्तच वजा करून बसू.)

आणि दुसरी गोष्ट, जी मला जास्त लागलीये. ३० वर्षांची सरासरी. आपण शाळेपासून शिकतो की बरीच मोजमापं घ्या आणि सरासरी काढा, चूक कमी होते. डगमगणं कमी होतं हे खरं, पण प्रत्येक वर्षाचा आकडा जर १२१ जोड्यांवरच काढलाय तर प्रत्येकात तेवढाच बायस बसलाय, आणि सरासरी त्याला हातही लावत नाही. उलट एरर बार बारीक झाल्यामुळे चुकीचा आकडा अजून खात्रीचा वाटतो. ३० पैकी ३० हा पुरावा नव्हता, तीच चूक ३० वेळा मोजली होती. एवढी साधी गोष्ट पण ऑफिसमधल्या किती रिपोर्टात आम्ही असंच गट पाडून, प्रत्येक गटाचा आकडा काढून, सरासरी दिली असेल, ते आठवायचा प्रयत्न करतेय.

८ डिसेंबर, रविवार

आधी सगळे पावसाळे एकत्र करून एकच तक्ता भरायचा. ३० × १२१ = ३६३० जोड्या. पहिल्या रनमध्ये ३० सप्टेंबरच्या पुढे थेट पुढच्या वर्षीचा १ जून चिकटला होता, म्हणून २९ जोड्या वेगळ्या काढाव्या लागल्या.

एकत्र केल्यावर आकडे धडाधड खाली आले. सूत्राप्रमाणे बायस आता ०.०१४ आणि ०.०२५ बिट. कमी झाला, पण गेला नाही आणि दिशाही तीच. म्हणून वर्गही बदलले. दोन्हीकडे ३ वर्ग: कोरडा, पडला पण त्या गावाच्या मानाने कमी, आणि त्या गावाच्या मानाने जास्त. सीमा प्रत्येक गावाच्या पावसाळी दिवसांच्या मधल्या आकड्यावर, त्यामुळे महाबळेश्वरचं 'कमी' वाईत ढगफुटी वाटेल, पण चालेल. आता दोन्ही दिशांना ३ × २ × २ = १२, म्हणजे ०.००२४ बिट. बारीक आणि दोन्हीकडे सारखा.

मग एक छान गोष्ट करून बघितली, जी मेंदूच्या पेशींचे सिग्नल मोजणारे लोक १९९० च्या दशकापासून करतात. स्ट्राँग वगैरेंनी १९९८ मध्ये माशीच्या डोळ्याकडून येणाऱ्या न्यूरॉनवर हे केलं होतं. सगळा डेटा घ्या, मग अर्धा, मग पाव, प्रत्येकाचा आकडा काढा, आणि आडव्या अक्षावर सॅम्पल न मांडता एक भागिले सॅम्पल मांडा. बायस जर १/सॅम्पल सारखा वाढत असेल तर ठिपके रेषेत येतात आणि रेघ डावीकडे शून्यापर्यंत ओढली की तिथे 'अनंत डेटा असता तर' असा आकडा मिळतो. मी ७ आणि ४ वर्गांच्या जुन्या मांडणीवरच केलं, मुद्दाम. फाशांच्या डेटात उजवीकडे फाकलेल्या दोन रेघा डावीकडे येता येता शून्यापाशी एकमेकींत मिळाल्या. डोळ्यांसमोर बायस निघून जाताना बघायला मिळतो असं दुसरं चित्र मी पाहिलेलं नाही.

पण खऱ्या पावसाच्या रेघा मिळाल्या नाहीत! वाईकडून महाबळेश्वरकडची रेघ शून्याच्या बरीच वर थांबते. म्हणजे बायस काढूनही तिथे काहीतरी शिल्लक आहे.

१५ डिसेंबर, रविवार

शिल्लक खरी आहे का ते तपासलं. नेहमीची पद्धत म्हणजे एका गावाचे दिवस पत्त्यांसारखे पिसायचे, नातं तुटतं पण वर्ग आणि संख्या तीच राहते, म्हणून जो आकडा येतो तो निव्वळ बायस. पण पावसाला हे चालत नाही. पाऊस लागला की चार दिवस लागतो आणि उघडला की आठवडा उघडतो, त्यात जूनची सुरुवात कोरडी, जुलै भरलेला, सप्टेंबरात ओसरतो. दिवस पिसले की हे सगळं मोडतं. मग खऱ्या डेटात दोन्ही गावांना जुलै एकाच वेळी येतो एवढ्याचीसुद्धा 'माहिती' म्हणून गणना होते आणि पिसलेल्यात होत नाही. बायस कमी मोजला जातो.

म्हणून दिवस न पिसता वर्षं पिसली. वाईचं २००५ महाबळेश्वरच्या १९९८ शी, वाईचं २०११ वरच्या २०१९ शी, असं, कुठलंही वर्ष स्वतःशी जुळू न देता. प्रत्येक पावसाळा आतून अख्खा राहतो, जुलै जुलैशी जुळतो, फक्त त्या वर्षीचा तो ढग दोघांना एकत्र भेटत नाही. अशा १००० अदलाबदली. खऱ्या आकड्यातून यांची सरासरी वजा.

वाई ते महाबळेश्वर: खरा आकडा १००० च्या १००० अदलाबदलींच्या वर, आणि चांगलाच वर. महाबळेश्वर ते वाई: गर्दीत हरवलेला.

आता मी हसण्यावारी नेऊ शकत नाही. बायस गेला, ऋतू गेला, आणि तरी वाई एक दिवस आधी सांगतेय. एकाच दिवसाची आणि एक-एक दिवस सरकवून म्युच्युअल इन्फर्मेशन काढली, तर शिखर 'त्याच दिवशी' ला नाहीये, वाईच्या आजवर आणि महाबळेश्वरच्या उद्यावर आहे. मान्सूनचा खालच्या थरातला वारा सेकंदाला १० मीटर धरला तरी २४ किमी पाऊण तासात कापतो. एक अख्खा दिवस, तोही उलट, हे हवेचं काम नाही. तारखेचं आहे.

२५ डिसेंबर, बुधवार, वाई

सुट्टी होती म्हणून सकाळच्या एसटीने आले. साडेआठला बाबांबरोबर अंगणात उभी राहिले, पाऊस नव्हताच, पण त्यांना म्हणलं रोज करता तसं करून दाखवा. त्यांनी नरसाळं काढलं, बाटली उचलून उजेडात धरली, रिकामी आहे बघितलं, परत लावली, मग ओट्यावर बसून वही उघडली आणि लिहिलं: २४ डिसेंबर, ०.

"बाबा, आज २५."
"मग? बाटलीत आहे तो कालचा पाऊस. आजचा अजून पडायचाय."

त्यांचं म्हणणं एकदम सरळ आहे. पण हवामान खात्यात सकाळी साडेआठला संपणाऱ्या २४ तासांचा पाऊस मोजल्याच्या दिवसाच्या तारखेला लावतात. तीच बाटली, तोच पाऊस, वेधशाळेत २५ आणि आमच्या वहीत २४. म्हणून वाई एक दिवस आधी.

मी कोडमध्ये सगळं एक दिवस पुढे सरकवणार एवढ्यात आई आतून आली, पोह्यांची ताटली ठेवली आणि म्हणाली, "मी लिहायचे तेव्हा नाही हं. मी मोजलं तीच तारीख टाकायचे." बाबा शाळेत होते तेव्हा निवडणूक नाहीतर जनगणनेच्या ड्युटीवर गेले की आई मोजायची.

वह्या परत काढल्या. अक्षर वेगळं आहे! आईचा ५ वरून बंद असतो, बाबांचा उघडा. मी आठवडाभर टायपिंग करताना हे बघून न बघितल्यासारखं केलं. आणि कोऱ्या तारखांचा उलगडाही झाला. बाबा १० तारखेच्या सकाळी ९ च्या समोर लिहून ड्युटीवर गेले, आईने ११ च्या सकाळी ११ लिहिली, मधली १० कोरी राहिली. बाबा परत आले की उलट, आईने १४ च्या सकाळी १४ लिहिलेली असते आणि बाबा १५ च्या सकाळी पुन्हा १४ लिहितात, एका तारखेला दोन आकडे. मी कोऱ्याला कोरडा धरला आणि दोनाची बेरीज केली. म्हणजे जे दिवस कधी नव्हतेच ते मी कोरडे केले, आणि दोन साधे पाऊस मिळून एक मोठा बनवला.

संध्याकाळपर्यंत तिघं बसून पानापानावर पेन्सिलीने 'आ' आणि 'बा' अशी खूण केली. कोरी जागा आणि दोन आकडे जिथे होते त्या प्रत्येक ठिकाणी अक्षर बदललेलं सापडलं.

४ जानेवारी २०२५, शनिवार

दुरुस्त तारखांनी पुन्हा सगळं. दिवस सरकवून बघितल्यावर शिखर बरोबर शून्यावर आलं, आणि आधीपेक्षा उंच. वाईकडून महाबळेश्वरकडची शिल्लक गेली, आता ती वर्षांच्या अदलाबदलीच्या गर्दीत आहे.

आणि महाबळेश्वरकडून वाईकडे, जिथे आधी काही नव्हतं, तिथे थोडं वर आलंय. बारीक आहे, बिटच्या शंभराव्या भागांत मोजायचं, पण १००० अदलाबदलींच्या वर.

१७ नोव्हेंबरचा प्लॉट शेजारी ठेवला. दोन वेगळ्या चुका, एक सॅम्पलची आणि एक तारखेची, दोन्ही एकाच बाजूला ढकलत होत्या. पहिली तशीच ठेवून दुसरी मला कधीच सापडली नसती, कारण शून्यावर काय दिसायला हवं हेच माहीत नव्हतं.

१४ जानेवारी, मंगळवार

संक्रांत. ऑफिसमधल्या एका सिनियर सरांना सगळं दाखवलं, त्यांना आवडलं, म्हणाले जिल्ह्यातल्या २० केंद्रांवर चालव आणि कोण कोणाला सांगतं याचं जाळं काढ. थांबवलं मी त्यांना. २० केंद्रं म्हणजे ३८० दिशा, आणि ५ टक्क्यांची कसोटी लावली तर काहीच नसताना सुद्धा १९ बाण उगवतील. हे भारतातच ११० वर्षांपूर्वी एका माणसाला कळलं होतं, गिल्बर्ट वॉकर, १९०४ पासून इथल्या वेधशाळांचे प्रमुख. मान्सूनच्या अंदाजासाठी जगभरचे आकडे एकमेकांशी जोडून बघताना त्यांनी १९१४ मध्ये लिहून ठेवलं की खूप जोड्यांमधून सगळ्यात मोठा आकडा निवडलात तर त्याची कसोटीही तेवढीच कडक हवी. जाळं नंतर करू, पण आधी वर्षं पिसून, आणि सगळ्यात मोठ्या खोट्या बाणाशी तुलना करून.

१९ जानेवारी, रविवार

दुसरे एस्टिमेटर, म्हणजे डेटावरून एन्ट्रॉपीचा अंदाज काढायच्या पद्धती, लावून बघितले. जवळच्या शेजाऱ्यांवर चालणारा क्रास्कोव्ह, श्टोगबाउअर आणि ग्रासबर्गर यांचा २००४ चा आहे, वर्ग पाडायचीच गरज नाही, पण तो सलग बदलणाऱ्या आकड्यांसाठी आहे आणि पावसात शून्यच इतकी की शेजारी सगळे एकाच जागी बसलेले. बारीक यादृच्छिक आकडा मिसळून चालवता येतो, मला ते पटलं नाही, सोडला. चाओ आणि शेन यांचा २००३ चा मात्र खूप आवडला. तो गुड-ट्युरिंगची युक्ती वापरतो: जे खाने एकदाच भरलेत ते मोजा, भागिले एकूण सॅम्पल, तेवढी शक्यता अजून न दिसलेल्या खान्यांची. समजा १२१ पैकी ३० असे एकुलते निघाले तर उद्याचा दिवस कधीच न पाहिलेल्या प्रकारचा असण्याची शक्यता जवळपास पाव. आपला डेटा स्वतःच सांगतो की त्याने किती बघितलेलं नाही. ३ वर्गांवर चाओ-शेन आणि वर्ष-पिसणी यांचं उत्तर एकमेकांना धरून आहे. ७ आणि ४ वर ते एकमेकांपासून लांब जातात, आणि तिथे मी कुठल्याच आकड्यावर विश्वास ठेवत नाहीये.

पूर्ण निर्दोष एस्टिमेटर शोधायचा हट्ट सोडला. पनिन्स्की यांनी २००३ मध्ये दाखवलंय की तो नसतोच, आणि त्याचं कारण भाचीलाही समजावता आलं. नाणं ठरावीक वेळा उडवून तुम्ही कुठलंही सूत्र लावा, त्याची सरासरी ही छाप्याच्या शक्यतेची बहुपदी होते. एन्ट्रॉपीत लॉग आहे, ती बहुपदी नाही. दोन्ही वक्र सगळीकडे जुळूच शकत नाहीत.

२६ जानेवारी, रविवार

झेंडावंदनानंतर बाबांना फोन. उरलेलं काय आहे ते मला जसं कळलंय तसं सांगितलं. वरचा पाऊस चालत दुसऱ्या दिवशी वाईला येतो असं नाही, तो आला तर तासाभरात येतो. पण मान्सूनचे जोराचे आणि खंडाचे काळ असतात, काही दिवस टिकणारे, आणि महाबळेश्वरला घाटामुळे ते स्वच्छ दिसतात. वाईत मात्र जोराच्या काळातही एखादा दिवस कोरडा जातो. म्हणून उद्याच्या वाईबद्दल आजच्या वाईपेक्षा जास्त काही महाबळेश्वर सांगतं, ते फक्त थोडंसं. कारण दोघांच्या मागे एकच आहे, अरबी समुद्रावरचा जोर.

"म्हणजे माझं खरं," बाबा म्हणाले. "हो," म्हणलं, "एका बिटाच्या शंभरातल्या एक-दोन भागांइतकं खरं." त्यांनी विचारलं बिट म्हणजे किती. मी म्हणलं एक नाणं उडवल्याइतकं.

पुढचं काम: तासातासाचे आकडे हवेत, रोजच्या आकड्यांत वाऱ्याची दिशा सापडणार नाही. जून २०२५ पासून वहीत दोन रकाने जादा आखलेत, कुठल्या दिवशी किती वाजता मोजलं आणि कोणी. पहिल्या पानाचा फोटो आईने पाठवलाय, रेघा पट्टीने मारल्यात.